काही लाखांचं घड्याळ आणि चारशेचा पट्टा

"अरे, एवढ्या भारी घड्याळाला हा सॅकचा बंद कुणी लावला?"

मशीन डिझाइनच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्या दिवशी पूर्ण उत्तर येत असलेला माझा हा एकमेव प्रश्न (बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं!). पण दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून नुसता हसलो. आता मॅगझिनमध्ये जागा मिळालीच आहे, तर सांगून टाकतो.

आधी एक खुलासा. घड्याळ मी घेतलेलं नाही. आपली ऐपत कॅन्टीनच्या उधारीपर्यंतच! ते माझ्या मामाचं. मामा मर्चंट नेव्हीत, इंजिन साइडला. २०१९ मध्ये चीफ इंजिनीअरची परीक्षा पास झाला, तेव्हा त्याने स्वतःलाच दिलेलं हे बक्षीस: ट्यूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट. ट्यूडर म्हणजे रोलेक्सवाल्या हान्स विल्सडॉर्फ यांनीच काढलेला दुसरा ब्रँड. २०० मीटर खोलीपर्यंत चालणारं त्यांचं पहिलं डायव्हिंगचं घड्याळ १९५८ सालचं. त्याची आठवण म्हणून २०१८ मध्ये हे मॉडेल आलं. ३९ मिलिमीटरची केस, काळी तबकडी, सोनेरी काटे, तारीख नाही. एकदम जुन्या वळणाचं.

दोन वर्षांपूर्वी मामाची बायपास झाली. मेडिकलमध्ये अनफिट. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने मनगटावरून घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "माझा समुद्र संपला. आता तू वापर."

आईचं मत वेगळं. "माझ्या भावाची वस्तू आहे. हरवलीस तर? लॉकरमध्ये ठेव." हा वाद आमच्या घरी सहा महिने चालला. आज मागे वळून बघताना वाटतं, तो वाद घड्याळाचा नव्हताच, पट्ट्याचा होता.

मूळची स्टीलची चेन मला सैल. कड्या कमी केल्या, तर दुपारच्या घामात मनगट फुगून ती आवळायला लागली. शिवाय ड्रॉइंग बोर्डवर आणि लॅपटॉपवर खरखर. या चेनच्या कडेला रिव्हेटची डोकी दिसतात. जुन्या काळच्या चेन खरोखरच रिव्हेट मारून जोडत. इथे ती नुसती शोभेची! मेकॅनिकलच्या पोराला हे कसं पचावं?

मग हौसेने चामड्याचा पट्टा घेतला. तपकिरी, जाड टाक्यांचा. दिसायला राजबिंडा. पण जुलैचा पाऊस आणि होस्टेलची ओल... तीन आठवड्यांत आतून बुरशी धरली, वर असा वास की रूममेटने खिडकी उघडली. पाण्यात उतरण्यासाठी बनवलेलं घड्याळ पावसाला घाबरून रुमालात गुंडाळायचं, ही चेष्टाच झाली.

खरी गडबड पुढेच झाली. एस.टी.तून उतरताना सॅकचा बंद पट्ट्यात अडकला, टक् आवाज झाला आणि घड्याळ खाली! पुढच्या माणसाच्या गाठोड्यावर पडलं म्हणून वाचलं. चूक माझीच. मूळच्या जाड पिना काढून मी पट्ट्यासोबत फुकट आलेल्या बारीक पिना बसवल्या होत्या. रात्री रडवेल्या आवाजात मामाला फोन केला. तो म्हणाला, "काच शाबूत आहे ना? मग रडतोस कशाला? फेल्युअर कुठे झालं ते शोध."

शोधलं. घड्याळ हातावर टिकतं ते फक्त दोन पिनांवर. दीड-दोन मिलिमीटर जाडीची नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकं केसच्या भोकांत अडकलेली. दोन तुकड्यांच्या पट्ट्यात यातली एक निसटली की खेळ खल्लास. ब्रिटिश लष्कराने यावर दुहेरी उपाय केला होता. त्यांच्या पाणबुड्यांना दिलेल्या काही रोलेक्स सबमरीनरमध्ये पिना कायमच्या पक्क्या केलेल्या असत. आणि १९७३ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने नायलॉनच्या अखंड पट्ट्याचं स्टँडर्ड काढलं. आज त्यालाच सगळे 'नाटो' पट्टा म्हणतात. तो दोन्ही पिनांखालून जातो. एक पिन गेली तरी घड्याळ दुसरीवर लटकत राहतं. फ्रेंच नौदलातले पाणबुडे तर ट्यूडरला चक्क पॅराशूटच्या इलॅस्टिकचा पट्टा करून लावत. म्हणजे माझा 'सॅकचा बंद' खानदानी आहे, सर!

नायलॉनमध्ये दोष नाहीत असं नाही. खाली जादा थर आल्यामुळे घड्याळ मनगटावर उंच बसतं. भिजलं की लवकर वाळत नाही. आठवड्याला साबणाने धुवावं लागतं. पाण्यातच जास्त वावर असेल तर रबर बरं, पण सिलिकॉनला धूळ चिकटते. फ्लोरोइलास्टोमर घ्या. मामा म्हणतो, "इंजिनरूममधल्या ओ-रिंगचंच मटेरियल ते, तेल-उष्णता दोन्ही सोसतं." रुंदी मोजून घ्या, माझ्या घड्याळाला २० मिलिमीटर लागते. 'गोल्डफिंगर' (१९६४) मध्ये जेम्स बाँडचा पट्टासुद्धा घड्याळाला अरुंद पडलेला स्पष्ट दिसतो! पट्टा बदलताना केसला सेलोटेप लावा आणि खाली कापड पसरा, नाहीतर उडालेली पिन कॉटखाली शोधत बसाल.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. वर्कशॉपमध्ये लेथसमोर कुठलाच पट्टा नको. न तुटणं हा नायलॉनचा गुण तिथे हात ओढून नेईल. प्रत्येक जागी तोच गुण गुण राहत नाही.

म्हणून माझं मत असं: पट्टा निवडताना 'दिसतो कसा' हे नंतर बघा, आधी 'तुटला तर काय होईल' ते विचारा. आणि जो पट्टा लावून घड्याळ बिनधास्त वापरता येईल तोच चांगला, मग किंमत काहीही असो. लॉकरमध्ये ठेवलेलं हे घड्याळ सत्तर तासांत, म्हणजे तिसऱ्या दिवशी बंद पडतं. मामाने ते बंद पडायला दिलेलं नव्हतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईसमोर एक पिन मुद्दाम काढली आणि हात जोरात हलवला. घड्याळ लोंबकळलं, पण पडलं नाही. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण आंघोळीला जाताना काढून ठेव, पाणी जाईल."

दोनशे मीटर, आई! ...असो.