भिलाईवरून बस्तरकडे : उशिरा उमगलेले अंतर

सुकमा जिल्ह्यातील बुर्कापाल येथे २४ एप्रिल २०१७ रोजी नक्षलवाद्यांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे २५ जवान मारले. त्यानंतर दिल्लीत चक्रे फिरली आणि टेहळणी करणाऱ्या मानवरहित विमानांचा तळ भिलाईहून जगदलपूरला हलविण्याचे ठरले. त्याआधी ही विमाने हैदराबादच्या बेगमपेटहून उडत असत. भिलाई हा मधला मुक्काम होता. पोलाद कारखान्याच्या या शहरालगत नंदिनीची धावपट्टी होती, सुरक्षितताही होती. पण सुकमाचे जंगल तेथून हवाई मार्गानेही सुमारे ३०० किलोमीटर. उड्डाणाचे मोलाचे तास जाण्या-येण्यातच खर्ची पडत. नकाशा उघडणाऱ्या कोणालाही कळावे असे हे गणित फायलीत उतरण्यास मात्र एवढी किंमत मोजावी लागली.

वायुदल अनुभवातून शिकत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कारगिलमध्ये २८ मे १९९९ रोजी खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. सशस्त्र हेलिकॉप्टरे लगोलग हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली आणि महिनाभरात मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवर लेसरनियंत्रित बॉम्ब टाकले. डावपेच बदलण्याचा अधिकार तेथे वायुदलाच्याच हाती होता.

छत्तीसगडात तो नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये बिजापूर जिल्ह्यात निवडणूक कर्मचाऱ्यांना आणणाऱ्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन उड्डाण अभियंता मृत्युमुखी पडला. स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तराची मुभा मिळाली ती सुमारे वर्षभराने, तीही अटींसह. दंतेवाड्यात ६ एप्रिल २०१० रोजी ७६ जण मारले गेल्यावर हवाई हल्ल्यांची मागणी जोरात होती. मूळचे नागपूरचे तत्कालीन वायुदलप्रमुख प्रदीप वसंत नाईक यांनी तिला जाहीर विरोध केला. आपली शस्त्रे सीमेपलीकडील शत्रूसाठी आहेत, ही त्यांची भूमिका. मार्च १९६६ मध्ये ऐझॉलवर झालेल्या हवाई माऱ्याचा सल मिझोराममध्ये अद्याप आहे, हे पाहता ती योग्यच होती.

अवघड प्रश्न निराळाच होता. जानेवारी २०१३ मध्ये सुकम्यात गोळ्या लागलेले हेलिकॉप्टर उतरविल्यावर चमू जखमी पोलिसाला आत ठेवून मदत आणण्यास निघून गेला. पोलीस संतापले, गृह मंत्रालयाने नाराजी कळविली, वायुदलाने आपल्या चमूची बाजू मांडली. हेलिकॉप्टर संरक्षण मंत्रालयाचे, जवान गृह मंत्रालयाचे, जखमी पोलीस राज्याचा. रायसीना टेकडीवर तेव्हा ही दोन्ही मंत्रालये समोरासमोर होती. त्यांच्यामधले अंतर भिलाई-सुकम्याहून कमी नव्हते.