येळवस आणि बांधावरचा लिंब

मार्गशीर्षाची अमावास्या उजाडली की आपल्या या भागात गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. शिरूर अनंतपाळच्या बाजारपेठेत त्या दिवशी शुकशुकाट असतो. डोईवर अंबिलीचे बिंदगे घेतलेल्या सुवासिनी, बैलगाड्या आणि अलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेताची वाट धरतात. कडब्याच्या कोपीत चुन्याने रंगविलेल्या पाषाणांच्या रूपाने पांडव विराजमान होतात, भज्जी, उंडे आणि खिरीचा नैवेद्य होतो, आणि ‘ओलगे ओलगे’च्या गजरात उभ्या पिकावर अंबील शिंपडली जाते.

या सणाविषयी लिहिताना बहुतेकांची लेखणी भज्जीच्या चवीपाशीच थांबते. भज्जी थोर खरीच. परंतु ज्या पांडवांची आपण या दिवशी पूजा करतो, त्यांनी बारा वर्षे वनात काढली, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. वनवासींची पूजा करणाऱ्या आपल्या लातूर जिल्ह्यात वन मात्र नावापुरतेच उरले आहे. भूभागाच्या एक टक्काही ते भरत नाही. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथच्या बेटासारखी, औषधी वनस्पतींसाठी ख्याती पावलेली एखादी टेकडी सोडली, तर सावलीला जावे असे रान कोठे आहे? अशा मुलखात वर्षातून एक संपूर्ण दिवस आबालवृद्धांना झाडाखाली, मोकळ्या आभाळाखाली नेऊन बसविणारा हा सण, माझ्या मते, एक औषधच आहे.

हे केवळ भाविकाचे बोलणे नव्हे. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘वनस्नान’ या अर्थाचा शब्द रूढ केला आणि लोकांना अरण्यात संथपणे हिंडण्याचे आवाहन केले. पुढे तेथील वैद्यकीय संशोधकांनी अशा सहवासाने मनावरचा ताण हलका होतो आणि रक्तदाब उतरतो, अशी निरीक्षणे नोंदविली. तथापि आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा दाखला अमेरिकेतील आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणाऱ्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली आणि ते सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले. हा निष्कर्ष १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे अरण्य नव्हते, वनविहार नव्हता. खिडकीबाहेर काही झाडे होती, एवढेच. वैद्याचे औषध सोडून झाडाखाली जाऊन बसावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. औषधाच्या जोडीला झाड असावे, इतकेच माझे म्हणणे.

आता आपण काय करतो पाहा. येळवशीला घरातील धडधाकट माणसे शेतात जातात, आणि ज्यांना त्या सावलीची खरी गरज, ते आजारी, वृद्ध घरीच राहतात. हा दोष माझ्याच घरचा आहे, म्हणून निःसंकोचपणे सांगतो. आमच्या आत्याबाईंचे सांधे धरलेले. ट्रॉलीत हादरे बसतील, त्यांना सोसणार नाही, असे म्हणून आम्ही सलग चार वर्षे त्यांना घरी ठेवले. सायंकाळी परत आल्यावर भज्जीचे ताट त्यांच्यापुढे ठेवीत असू. त्या दोन घास खात आणि विचारीत, ‘‘लिंबाखाली कोण कोण बसलं होतं रे?’’

गेल्या वर्षी मात्र त्यांनी हट्टच धरला. ट्रॉलीत कडबा अंथरला, वर दोन गाद्या टाकल्या आणि सावकाश नेले. बांधावर उतरताच त्यांनी मान वर करून पाहिले. लिंब नव्हता. आदल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून आम्हीच तो तोडला होता, आणि हे त्यांना सांगण्याचे धैर्य घरात कोणालाही झाले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. दिवसभर कोपीच्या दाराशी बसून ज्वारीवरून येणारा वारा अंगावर घेत राहिल्या. एका दिवसात त्यांचे सांधे मोकळे झाले, असे मी म्हणणार नाही. त्या रात्री त्यांना न कण्हता झोप लागली, हे मात्र घरातील सर्वांनी पाहिले.

बांधावरची लिंब, बाभळ, चिंच अशी किती झाडे आपल्या तालुक्यात याच कारणाने पडली असतील! ती तोडताना आपण पिकाचा, यंत्राचा हिशेब करतो. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हिशेब त्यात कोठेच धरीत नाही. या येळवशीला प्रत्येक घराने आपल्या आजारी माणसाला प्रथम कोपीत बसवावे, पूजा मग मांडावी. पांडव रागावणार नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी कोपी मोडण्याची घाई न करता ती चार-आठ दिवस उभी ठेवावी. ज्यांना शक्य आहे त्या वृद्धांनी तेथे रोज घटकाभर जाऊन बसावे.

आमच्या बांधावर यंदा लिंबाचे रोप लावले आहे. ते गुडघ्याएवढे झाले आहे. आत्याबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्याच्या शेजारी बसायला त्यांनी आतापासूनच आपली घोंगडी काढून ठेवली आहे.