उद्धरणांचा हिशेब आणि हरभऱ्यावरची अळी

रब्बीत हरभऱ्याला घाटे धरू लागले की जाफराबाद तालुक्यातील शेतकऱ्याची नजर घाटेअळीवर असते. ही अळी घाट्यात तोंड खुपसून आतला दाणा फस्त करते. कपाशी, तूर, टोमॅटो यांपैकी तिला काहीच वर्ज्य नाही. तिच्या पोटात नेमके काय चालते याचा शोध पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता, डॉ. अशोक गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचे निबंध १९९८ व १९९९ साली 'प्लँट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. किडीने खाल्लेली प्रथिने तिला पचू नयेत म्हणून हरभरा स्वतःच्या दाण्यात रोधक प्रथिने बाळगतो. परंतु घाटेअळीची पाचक विकरे ती रोधकेच पचवून टाकतात, असे पहिल्या निबंधाने दाखविले. ज्या झाडांवर ही अळी जगत नाही, त्यांची रोधके मात्र तिला भारी पडतात, हे दुसऱ्याने.

या कामाचे मोल ठरवायचे कसे? हल्लीचे उत्तर ठरलेले आहे : इतरांनी किती वेळा उद्धृत केले ते मोजावे. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून उद्धरणांची सूची काढली ती संशोधकांना पूर्वीचे काम सापडावे म्हणून. पुढे ती माणसे मापण्याची फूटपट्टी झाली. २००५ साली हर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने एच-निर्देशांक सुचविला. वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे मिळाली, की निर्देशांक वीस. शास्त्रज्ञाचे आयुष्य एका आकड्यात बसले.

या हिशेबातील पहिली खोट जमाखर्च लिहिणाऱ्या कोणाही कारकुनाच्या ध्यानात येईल. १९९९ च्या निबंधाला सात लेखक आहेत आणि त्याचे प्रत्येक उद्धरण सातही जणांच्या खाती पूर्ण जमा होते. सामाईक विहीर सात भावांनी आपापल्या सातबाऱ्यावर अख्खी लावून घ्यावी, तसेच हे. दुसरे असे की, आकडा वापर मोजतो, थोरवी नव्हे. प्रथिने मोजण्याची रीत सांगणाऱ्या लॉरी यांच्या १९५१ सालच्या निबंधाला २०१४ पर्यंत तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली होती. डीएनएची रचना उलगडणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध त्या वर्षीच्या पहिल्या शंभरांतही नव्हता.

परंतु खरी मेख वेगळीच आहे. जाफराबादच्याच जिल्ह्यात, बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन-७११ ही लवकर तयार होणारी पांढरी तूर दिली. कोरडवाहू शेतकऱ्याला परतीच्या पावसाने दगा दिला तर असे वाणच हात देते. तो शेतकरी वाण पेरतो, शेजाऱ्याला बियाणे देतो. तळटीप लिहीत नाही. अर्थशास्त्रात ज्या लाभाची किंमत बाजारात उमटत नाही त्यास बाह्य लाभ म्हणतात. उद्धरणांच्या बाजारात शेतकऱ्याचा लाभ असाच बाहेर राहतो.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली इशारा दिला होता की, मापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते माप बिघडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांची बढती गुणांकाला जोडली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. तालुक्याच्या गावी प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात नियतकालिके नाहीत, वर्गात विद्यार्थी मात्र शंभर. अशा प्राध्यापकाने गुण आणावेत कोठून? तो विकत घेऊ लागला. हा दोष त्याचा नाही असे नाही. पण त्याच्या एकट्याचा खासच नाही. २०१८ साली आयोगाने विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविली.

संस्थांनी ती पार पाडायची तर निबंध मोजून भागणार नाही, वाचावा लागेल. छोट्या महाविद्यालयात त्या विषयाचा दुसरा जाणकार बहुधा नसतोच. तो बाहेरून बोलवावा लागेल, त्याला मानधन व वाचायला आठवडाभराचा अवधी द्यावा लागेल. विद्यापीठांनी आपल्या अंदाजपत्रकात तेवढी तरतूद आधी करावी. गुणांचे नवे तक्ते मागाहून छापावेत.