रानडुक्कर म्हणजे कोण?



80व्या स्तोत्रातले रानडुक्कर म्हणजे सैतान आणि पुनःस्थापनेची विनवणी म्हणजे केवळ एकेका आत्म्याचे तारण, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा अर्थ अपुरा आहे. स्तोत्रात एफ्राईम, बन्यामीन, मनश्शे या वंशांची नावे आहेत. विनवणी तीनदा येते आणि तिन्ही वेळा ती ‘आम्ही’ करतो, ‘मी’ नाही. मिसरातून आणून लावलेली द्राक्षलता म्हणजे अख्खी प्रजा. कुंपण मोडले आणि ती उघडी पडली. सिंदेवाही-आरमोरीकडे रानडुकरांनी धानाची बांधी एका रात्रीत उकरलेली पाहणाऱ्याला ही हानी रूपक उलगडण्याआधीच कळते.

मग यात ख्रिस्त कुठे, असा आक्षेप येईल. योहानाच्या 15व्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणवतो आणि शिष्यांना फाटे; तिथेही फाटा एकटा जगत नाही. म्हणून स्तोत्रातल्या देवाच्या उजव्या हाताशी असलेल्या पुरुषात ख्रिस्त पाहणे योग्यच, पण प्रजेचे रडणे पुसून नव्हे. रूपक मोकाट सुटले की काय होते, हे 1520मध्ये दिसले: पोप दहावे लिओ यांच्या फर्मानात याच रानडुकराचा रोख मार्टिन ल्यूथरकडे होता. आपल्या मंडळ्यांनी ही प्रार्थना आधी साऱ्या गावासाठी करावी. स्वतःचे तारण त्यातच येते.

– एक ख्रिस्ती वाचक, चंद्रपूर