प्रदर्शनाचा माल आणि त्याच्या प्रवासाचा हिशेब



प्रदर्शनात भाग घ्यायचे ठरले की पहिली चर्चा होते ती स्टॉलच्या भाड्याची. ते अर्जावर छापलेले असते, म्हणून त्याचा विचारही आधी होतो. मात्र दुकानातून निघालेली पेटी स्टॉलपर्यंत पोहोचावी आणि प्रदर्शन आटोपल्यावर सुखरूप परत यावी, यासाठी लागणारी रक्कम कोणत्याही एका कागदावर लिहिलेली नसते. वाहतूक, हमाली, गोदाम, सीमाशुल्क, विमा अशा तुकड्यांत ती येते आणि सर्व देयके हाती आल्यावरच तिची बेरीज कळते. एखाद्या गृहउद्योगाला मिळालेल्या पहिल्या मागण्यांचा सारा नफा या बेरजेत वाहून जातो आणि ‘प्रदर्शन आपल्याला परवडत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा दोष प्रदर्शनाचा नसतो. पेट्या कशा भरल्या आणि केव्हा पाठवल्या, यात तो असतो.

प्रथम पेटीच्या आकाराचा विचार करू. विमानाने किंवा कुरिअरने माल पाठवताना खरे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्याचे पैसे आकारले जातात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा. कुरिअरसाठी त्याला सामान्यतः ५,०००ने आणि विमान-मालवाहतुकीसाठी ६,०००ने भागायचे. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरच्या खोक्यात १२ किलो माल असला, तरी कुरिअरच्या हिशेबाने ते २४ किलोंचे ठरते. तोच माल नीट रचून ५० बाय ४० बाय ४०च्या खोक्यात बसवला, तर आकारणी १६ किलोंवर येते. अशी दहा खोकी असतील, तर ८० किलोंचे भाडे वाचते. म्हणून घडीचे स्टँड, गुंडाळता येणारे कापडी फलक आणि एकात एक बसणारे नमुने निवडावेत. टेबल, खुर्च्या व दिवे आयोजकांकडून भाड्याने मिळतात. माहितीपत्रके प्रदर्शनाच्या गावी छापून घेता येतात. कागदाइतके जड सामान विमानाने नेण्याचे कारण क्वचितच असते.

दुसरी बाब वेळेची. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भरतो. तारीख इतकी आधी ठाऊक असताना, सोलापूर किंवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांनी आठवडाभर अगोदर धावपळ करून स्वतंत्र गाड्या ठरवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. एकाच गावचे चार स्टॉलधारक मिळून एक ट्रक ठरवू शकतात. परदेशी जाणारा माल दोन-तीन महिने आधी तयार असेल, तर सामायिक कंटेनरमधून समुद्रमार्गे जातो; उशीर झाला की विमानाखेरीज पर्याय उरत नाही.

तिसरा खर्च प्रदर्शनस्थळी होतो आणि तो नवख्यांना सर्वाधिक चकित करतो. अमेरिकेतील प्रदर्शनांत माल उतरवण्याच्या धक्क्यापासून स्टॉलपर्यंत नेण्याची आकारणी बहुधा दर १०० पौंडांमागे होते आणि वजन वरच्या शंभरात धरले जाते. ३१० पौंडांच्या मालाला ४०० पौंडांचे पैसे पडतात. शिवाय प्रत्येक स्वतंत्र पाठवणीला किमान आकार असतो, तो अनेक ठिकाणी २०० पौंडांचा. म्हणजे ६० पौंडांच्या तीन पेट्या तीन वेगवेगळ्या दिवशी पोहोचल्या, तर १८० पौंडांच्या मालासाठी ६०० पौंडांचे देयक होते. एकत्र पोहोचल्या तर २०० पौंडांचे. आयोजकांची नियमपुस्तिका स्टॉल नोंदवतानाच वाचावी, ती याचसाठी. रात्री किंवा सुटीच्या दिवशी माल उतरवण्याचा जादा दर आणि रिकाम्या पेट्या ठेवण्याची व्यवस्था हेही तिच्यात नमूद असते.

चौथी बाब कागदपत्रांची. माल विक्रीसाठी नसला, तरी राज्याबाहेर जाताना त्याचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर डिलिव्हरी चलनासोबत ई-वे बिल लागते. परदेशी प्रदर्शनासाठी नेलेला माल सहा महिन्यांत विकावा किंवा परत आणावा लागतो, हे वस्तू व सेवा कराबाबतच्या जुलै २०१९च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. जो माल परत आणायचाच आहे, त्यासाठी एटीए कार्नेट उपयोगी पडते. भारतात ते फिक्की ही संस्था देते. त्यावर सदस्य देशांत माल सीमाशुल्क न भरता तात्पुरता नेता येतो आणि त्याची मुदत कमाल एक वर्षाची असते. मात्र वाटून टाकायच्या वस्तू किंवा खाद्यपदार्थांचे नमुने त्यात बसत नाहीत. त्यांची यादी वेगळीच करावी.

परतीचा प्रवास निघण्यापूर्वीच ठरवावा. शेवटच्या दिवशी दालन रिकामे करण्याची घाई असते; आपला वाहतूकदार वेळेत आला नाही, तर आयोजकांच्या वाहतूकदाराकडे त्याच्या दराने माल सोपवावा लागतो. परतीच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या घरूनच छापून न्याव्यात. कोणते नमुने तिथेच द्यायचे आणि कोणते आणायचे, हेही आधी ठरलेले असावे.

काटकसर करताना दोन गोष्टींना मात्र हात लावू नये. पहिली विमा: तो जाण्याचा, प्रदर्शनाच्या दिवसांचा आणि येण्याचा असा तिन्ही टप्प्यांचा असावा. दुसरी लाकडी पेटी: परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णताप्रक्रियेचा शिक्का लागतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखल्याची ती खूण असते. शिक्का नसेल, तर बंदरावर पेटी अडते आणि प्रदर्शन निघून जाते. प्लायवुडच्या पेटीला हा नियम लागू नाही. ती हलकीही असते.

पुढील प्रदर्शनाचा अर्ज भरण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर पाच ओळी आखाव्यात: जाण्याचे भाडे, स्थळावरील हाताळणी, कागदपत्रे व शुल्क, विमा, परतीचे भाडे. प्रत्येक ओळीपुढे दोन वाहतूकदारांचे लेखी दर लिहून बेरीज करावी आणि ती स्टॉलच्या भाड्यात मिळवावी. जो आकडा येईल, तोच प्रदर्शनाचा खरा खर्च. जायचे की नाही, हा निर्णय त्याच आकड्यावर घ्यावा.