पाण्यावरचा उत्सव, पाण्याखालचे गाव

पाहुण्यांसाठी वर्षाकाठी उत्सव आणि क्रीडास्पर्धा भरविणे हा पर्यटनावर जगणाऱ्या प्रदेशांचा आता रीतसर व्यवसाय झाला आहे. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर ऊसतोडीच्या अखेरीस मळ्यांतील मजूर ‘क्रॉप ओव्हर’ साजरा करीत. 1940च्या दशकात तो बंद पडला आणि 1974 साली तेथील पर्यटन मंडळाने तो पुन्हा सुरू केला, तो पर्यटक यावेत म्हणूनच. गोव्यालाही हे नवे नाही. इंत्रुजाच्या चित्ररथांपासून 2019 साली मिरामार येथे प्रथम झालेल्या आयर्नमॅन शर्यतीपर्यंत आपणही हेच करीत आलो आहोत. पाहुणे यावेत, चार पैसे गावात राहावेत, यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की उत्सवाचा यजमान कोण?

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या निमाडात हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. बऱ्हाणपुराहून खंडव्यामार्गे पुढे गेले की नर्मदेवरील इंदिरासागर जलाशय लागतो. त्याच्या काठी हनुवंतिया येथे मध्य प्रदेश सरकारने 2016 साली ‘जल महोत्सव’ सुरू केला. किनाऱ्यावर तंबूंचे नगर, पाण्यात वेगवान नौका, आकाशात उष्ण हवेचे फुगे असा त्याचा थाट. या जागेला ‘टापू’ म्हणण्याचा प्रघातही पडला आहे. पण हा सागर निसर्गाने दिलेला नाही. 1984 साली पुनासा येथील ज्या धरणाची पायाभरणी झाली, त्याने तो निर्माण केला. जलाशयाचा विस्तार सुमारे 913 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा. त्याची झळ 249 गावांना लागली. हरसूद हे त्यांतले नांदते शहर. 28 सप्टेंबर 1989 रोजी बाबा आमटे यांच्यासह हजारो लोक तेथे विनाशकारी विकासाविरुद्ध एकवटले होते. पुढे 30 जून 2004 ही स्थलांतराची मुदत आली आणि हरसूदकरांनी आपल्याच हातांनी आपली घरे पाडली. आज जेथे नौका धावतात, ते पाणी त्याच जलाशयाचे आहे.

झाले ते झाले, धरणाने हजार मेगावॉट विजेची सोय केली, शेतीला पाणी मिळाले, आता त्या पाण्यावर रोजगार मिळत असेल तर रडगाणे कशाला, असा युक्तिवाद होईल. तो सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु रोजगार कोणाला मिळतो, हे पाहणे अगत्याचे आहे. ज्यांची जमीन गेली त्यांची मुले नौका चालवितात, की तंबूंबाहेर उभी राहून पाहतात, याचा गाववार हिशेब सरकारने प्रसिद्ध करावा. युक्तिवाद खरा असेल, तर त्याला या हिशेबाचे भय नाही.

याच बऱ्हाणपुरात जलव्यवस्थेचा एक निराळा धडा आहे. 1615 च्या सुमारास मोगल अमदानीत बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहरात आणतो. शंभरांहून अधिक कुंड्यांच्या या रचनेसाठी गावेच्या गावे बुडवावी लागली नाहीत. 2024 साली ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. पाहुण्यांना दाखविण्याजोगे यापरते दुसरे काय हवे?

आणि गोमंतकीयांनी हे सारे दुरूनच पाहावे, असेही नाही. साळावली धरणाखाली आपले कुर्डी गाव गेले, गानतपस्विनी मोगूबाईंच्या नावाशी जोडलेले. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर तेथे परततात. सोमेश्वराच्या देवळात आणि चॅपेलात उत्सव होतात, जुन्या घरांचे चौथरे मुलानातवंडांना दाखविले जातात. तो उत्सव कोणत्याही खात्याने आखलेला नाही. तेथे पाहुणाही जातो, पण यजमान मात्र गावकरीच असतो.

हनुवंतियास हीच कसोटी लावावी. नौका, दुकाने आणि तंबू यांवर पहिला हक्क विस्थापितांचा असावा. महोत्सवाच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा पुनर्वसित वसाहतींच्या पाणी, शाळा आणि दवाखान्यांवर खर्च व्हावा. किनाऱ्यावर हरसूदचे एक स्मृतिभवन उभे राहावे, म्हणजे आलेल्या पाहुण्याला आपण कशावर तरंगतो आहोत हे कळेल. आणि उद्या साळावलीच्या पाण्यावर शर्यती भरविण्याची कल्पना आपल्याकडे कोणास सुचलीच, तर पहिले पत्र कुर्डीकरांस जावे. पाहुण्यांच्या सरबराईत घरधन्यास दाराबाहेर उभे करणे, याला आतिथ्य म्हणत नाहीत.