बंधन माणसांचं की कॅलेंडरचं?

हजारो माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरतात, तिथे प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि ते पात्र वर्षानुवर्षं वाढत जातं. 'एमएमओ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ऑनलाइन भूमिकाखेळांबद्दल बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असतं. न खेळणाऱ्याला ही वेळेची नासाडी वाटते, तर खेळणाऱ्याला आपण खेळतो तोच खेळ खरा वाटतो. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. यातले निरनिराळे खेळ अनेक वर्षं खेळल्यावर माझं मत असं झालं आहे की, या खेळांचं सर्वांत मोठं बळ आणि सर्वांत मोठा धोका एकाच जागेतून येतात. तिथे कुणीतरी आपली वाट बघत असतं. त्यामुळेच मैत्री जुळते आणि त्यामुळेच स्क्रीनसमोरून उठवत नाही. म्हणून कुठल्याही एमएमओची पारख करताना ग्राफिक्स, कथा आणि लढाई यांच्या आधी एक गोष्ट तपासावी: हा खेळ आपल्याला सोबतच्या माणसांशी बांधतो, की कंपनीने आखलेल्या वेळापत्रकाशी?

जुन्या खेळांपासून सुरुवात करू. 1999 साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये पात्र मेलं की कमावलेले अनुभवगुण कमी होत आणि अंगावरचं सामान प्रेतापाशीच राही. ते परत आणायला पुष्कळदा दुसऱ्यांची मदत मागावी लागे. एकट्याने फार पुढे जाणं बहुतेक पात्रांना शक्यच नसे. त्यामुळे सर्व्हरवर माणसांचं नाव होत असे. कोण संकटात धावून येतो आणि कोण लूट घेऊन पळतो, हे सगळ्यांना ठाऊक असे. पण या जिव्हाळ्याची किंमत तासांमध्ये मोजावी लागे. गट जमण्याची वाट पाहण्यातच संध्याकाळ सरायची. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला तो खेळ झेपणारा नव्हता. आज त्या काळाबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

23 नोव्हेंबर 2004 रोजी आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने, म्हणजे 'वॉव'ने, हीच किंमत कमी केली. एकट्यानेही शेवटच्या लेव्हलपर्यंत जाता येऊ लागलं, मरणाची शिक्षा सौम्य झाली आणि 2010 मध्ये या खेळाचे वर्गणीदार 1 कोटी 20 लाखांवर गेले. तरीही सुरुवातीच्या काळात 'मोल्टन कोअर'सारख्या मोठ्या रेडसाठी, म्हणजे सामूहिक मोहिमेसाठी, 40 जण लागत आणि त्यांना एकत्र आणणारं गिल्ड म्हणजे एक छोटी संस्थाच असे. डिसेंबर 2009 मध्ये डंजनसाठी, म्हणजे छोट्या मोहिमांसाठी, 'डंजन फाइंडर' आला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एकत्र येऊ लागले. अर्धा तास मोकळा असलेल्या खेळाडूसाठी ही मोठी सोय होती. पण त्या पाच जणांची पुन्हा भेट होण्याची शक्यता जवळपास संपली. गटात 'नमस्कार'ही न करता डंजन उरकून निघून जाण्याची रीत पडली. भांडायला कारण उरलं नाही, तसं ओळख ठेवायलाही उरलं नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये 'वॉव'च्या कंपनीने जुनाच खेळ 'वॉव क्लासिक' म्हणून पुन्हा उघडला. त्यात हे बटण नव्हतं आणि तरीही सर्व्हरबाहेर लांबच लांब रांगा लागल्या. सोय कमी असलेला खेळ लोकांनी आपणहून निवडला, ही गोष्ट बोलकी आहे. मात्र नवा 'वॉव'ही लाखो लोक खेळत राहिले, हेही तितकंच खरं. सोय आणि सोबत यांत एक मिळवताना दुसरं काहीसं सुटतं. आपण काय सोडतो आहोत, हे ठाऊक असलं म्हणजे झालं.

सोबतीची बाजू किती वजनदार असू शकते, हे नॉर्वेच्या मॅट्स स्टीनच्या आयुष्यातून कळतं. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्युशेन हा आजार त्याला जन्मापासून होता. 2014 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो गेला. आपला मुलगा खोलीत एकटाच कुढत जगला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या निधनाची बातमी ऑनलाइन कळवली आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. 'वॉव'मध्ये तो 'इबेलिन' या नावाने वावरत असे. 'स्टारलाइट' नावाच्या गिल्डमधल्या कितीतरी जणांना त्याने एकटेपणात, घरगुती ताणात, आजारपणात आधार दिला होता. त्यांच्यातले काही जण अंत्यसंस्काराला आले. त्याच्यावरचा बेंजामिन री यांचा माहितीपट 2024 मध्ये प्रदर्शित झाला. पडद्यावरची नाती खोटी असतात असं सरसकट म्हणणाऱ्याने ही कहाणी समजून घ्यावी. चालता न येणारा मुलगा तिथे चालला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे त्याची गरज होती.

दुसऱ्या, धोक्याच्या पारड्यातही खोटं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला आणि ते वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झालं. त्याची व्याख्या तासांवर बेतलेली नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते. खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व मिळणं आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणं, हे साधारण वर्षभर चालू राहिलं तर तो विकार मानला जातो. एमएमओमध्ये हा धोका अधिक, कारण या खेळाला शेवट नसतो. कथा संपली तरी पुढचा पॅच, म्हणजे खेळातली नवी भर, येतो.

आपल्याकडून खेळणाऱ्यांना यात घड्याळाची भर पडते. युरोपातल्या सर्व्हरवर रात्री आठला ठरलेली रेड पुण्यात उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला सुरू होते. ती तीन तास चालली की सकाळच्या कामाची वाट लागते. आपण हीलर (गटाला बरं करणारे) किंवा टँक (मार झेलणारे) असलो, तर आपल्यावाचून इतरांचं अडतं. अशा वेळी 'मी निघतो' म्हणणं अवघड जातं. हे बंधन माणसांचं असलं तरी ते जाचू शकतं, हे मान्य केलं पाहिजे. पण माणसांशी बोलता येतं. चांगलं गिल्ड वेळ बदलतं, पर्यायी खेळाडू ठेवतं, परीक्षा आहे म्हटल्यावर सुट्टी देतं. तसं न करणारं गिल्ड सोडून दुसरं शोधता येतं.

कंपनीच्या कॅलेंडरशी असं बोलता येत नाही. 2016 पासून काही वर्षं 'वॉव'मध्येच अशी रचना होती की, पात्राची ताकद रोज थोडी थोडी वाढवावी लागे आणि जो थांबला तो मागे पडे. खेळाडूंच्या मोठ्या नाराजीनंतर 2022 च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये कंपनीने तो भार पुष्कळ हलका केला. 'डियाब्लो इमॉर्टल'सारखे फुकट मिळणारे खेळ आणखी पुढे गेले. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण ताकद विकत मिळते आणि तीही नशिबाच्या खेळातून. लूट बॉक्सविषयीच्या, म्हणजे नशिबाच्या पेट्यांविषयीच्या, कायद्यांमुळे 2022 मध्ये तो बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये प्रदर्शितच झाला नाही. माझ्या मते महिन्याची ठरलेली वर्गणी ही फुकटपणापेक्षा प्रामाणिक व्यवस्था आहे, कारण आपण किती देतो ते आधीच कळतं. अर्थात, भारतीय खिशाला डॉलरमधली वर्गणी जड जाते आणि वर्गणी भरली म्हणून ती 'वसूल' करण्याच्या नादातही माणूस जास्त खेळतो, हेही खरं.

या कसोटीवर आणखी चार खेळ ठेवून पाहू. आइसलँडच्या 'सीसीपी' कंपनीचा 2003 चा 'ईव्ह ऑनलाइन' माणसांच्या बंधनाचं टोक आहे. तिथे जवळपास सगळे एकाच विश्वात खेळतात, उद्योग, राजकारण आणि युद्धं खेळाडूच घडवतात आणि खेळातल्या खेळात फसवणूकही नियमात बसते. जानेवारी 2014 मध्ये एका सूर्यमालेवरच्या ताब्याचं देणं चुकवायचं राहून गेलं आणि त्यातून 'बी-आर' नावाने गाजलेली लढाई पेटली. सुमारे 21 तासांत 75 टायटन जहाजं नष्ट झाली आणि नुकसान जवळपास 3 लाख डॉलरचं मानलं गेलं. ही किंमत त्या जहाजांत गेलेल्या श्रमांची. इतका खरा थरार दुसऱ्या कुठल्या खेळाने मला दिलेला नाही. पण पहाटे हाक आली की उठून लढाईला जाणं तिथे निष्ठेचं लक्षण समजलं जातं. ज्याच्या घरी लहान मूल आहे, त्याला मी हा खेळ सुचवणार नाही.

'फायनल फँटसी फोर्टीन'ची गोष्ट वेगळी आहे. 2010 मध्ये तो इतका फसला की कंपनीने तो बंद केला आणि नाओकी योशिदा यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट 2013 मध्ये नव्याने उभा केला. नवख्या खेळाडूच्या नावापुढे तिथे हिरव्या कोंबाचं चिन्ह दिसतं आणि ते पाहून जुने खेळाडू मदतीला येतात. मे 2021 मध्ये मांगाकार (जपानी चित्रकथाकार) केंतारो मिउरा यांचं निधन झाल्याची बातमी आली, तेव्हा खेळाडूंनी खेळातल्या शहरांत काळ्या चिलखतात शांतपणे रांगा लावून त्यांना श्रद्धांजली वाहिली. कथा संपली की वर्गणी थांबवा, दुसरं काही खेळा आणि पुन्हा या, असं योशिदा उघडपणे सांगत आले आहेत. हे मला मनापासून भावतं. पण याच खेळात मोठ्या कष्टाने मिळवलेल्या घरात 45 दिवस पाऊल टाकलं नाही, तर ते सहसा काढून घेतलं जातं. जागा मर्यादित असल्याने नियम समजण्यासारखा आहे, तरी घरापायी वर्गणी चालू ठेवणारा माणूस कॅलेंडरचाच बांधील असतो.

थांबण्याची मोकळीक 'गिल्ड वॉर्स टू' सर्वांत जास्त देतो. 2012 पासून त्यात मासिक वर्गणी नाही, कमाल लेव्हल 80 वरच राहिली आहे आणि वर्षांपूर्वी मिळवलेली उत्तम शस्त्रं आजही चालतात. दोन वर्षांनी परत या, काहीही गमावलेलं नसतं. त्याची दुसरी बाजू अशी की, तिथे माणसं एकमेकांवर कमी अवलंबून असतात. शंभर जण मिळून ड्रॅगन मारतात आणि बहुतेक जण एकमेकांचं नावही न वाचता पांगतात.

'ओल्ड स्कूल रूनस्केप'ची गती अतिशय संथ आहे. एखाद्या कौशल्यात 99 वी लेव्हल गाठायला 1,30,34,431 गुण लागतात आणि 92 वर पोचलं की जेमतेम निम्मी वाट संपलेली असते. असलं ग्राइंड, म्हणजे तेच ते करत राहणं, हा अनेकांचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. पण 2013 मध्ये खेळाडूंच्या मतदानातूनच जन्मलेल्या या खेळात मोठे बदल आजही मताला टाकले जातात आणि 70 टक्के मतं मिळाल्याखेरीज सहसा येत नाहीत. आपण जिथे इतका वेळ घालवतो, त्या जगाच्या कारभारात आपल्याला आवाज असावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटते.

मग मुलांचं काय? सरकारांनी आजवर मुख्यतः घड्याळच हाती घेतलं. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन खेळांची बंदी केली आणि 2022 च्या सुरुवातीपासून ती उठवली. चीनने 2021 मध्ये अल्पवयीनांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच वेळ ठेवली. भारताने 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले, तर ई-स्पोर्ट्सना आणि मनोरंजनाच्या खेळांना त्यापासून वेगळं ठेवलं. हा फरक करणं योग्यच होतं. पण जुगार नसलेल्या खेळातही रोज हजेरी लावायला भाग पाडणारी आणि नशिबाच्या पेट्या विकणारी रचना असू शकते. नियमनाचा रोख खेळाडूच्या तासांपेक्षा या रचनेवर असावा, असं माझं मत आहे. तासांची बंदी मॅट्ससारख्या मुलाचं जग हिरावून घेते आणि ज्या रचनेने मूल बांधलं जातं, तिला मात्र हात लावत नाही.

पालकांनीही 'किती वेळ खेळतोस?' याच्या जोडीला 'कोणाबरोबर खेळतोस?' आणि 'आठवडाभर नाही खेळलास तर काय होईल?' हे विचारावं. 'मित्र विचारतील, कुठे होतास' असं उत्तर आलं, तर त्या मित्रांची ओळख करून घ्यावी. ते कोण आहेत, किती वयाचे आहेत हे कळायलाच हवं. 'माझं बक्षीस बुडेल, मी मागे पडेन' असं उत्तर आलं, तर खेळ बदलण्याविषयी शांतपणे बोलावं. मोठ्यांनी हेच प्रश्न स्वतःला विचारावेत.

मला विचाराल तर वेळ कमी असलेल्याने 'गिल्ड वॉर्स टू'पासून सुरुवात करावी, कथा आणि सौजन्य हवं असेल तर 'फायनल फँटसी' घ्यावा आणि 'ईव्ह'कडे आयुष्यात खरोखर मोकळीक असेल तेव्हाच वळावं. कुठलाही खेळ निवडला तरी त्यात एक लहानसं, समंजस गिल्ड शोधावं, कारण माणसांवाचून या जगांत उरते ती फक्त हजेरी. आणि जो खेळ आपल्याला रजा द्यायला तयार नाही, तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.